आईच्या लिव्हरमधल्या गाठी न्यूरोएंडोक्राइन निघाल्या, मूळ जागा सापडत नाही. उपचार सुरू करायचे की शोधत राहायचं?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू. आई ५८ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला दिवसातून सहा-सात वेळा पातळ शौचाला होतं. वेचणीच्या दिवसांत ओटीतला कापूस धुऱ्यावर तसाच टाकून तांब्या घेऊन पळायची. जेवण झालं किंवा कोणावर रागावली की तोंड, मान, छातीचा वरचा भाग लालबुंद व्हायचा आणि पाच-सात मिनिटांत ओसरायचा. घाम मात्र नाही. ती म्हणे, "उनाचं हाय, काही करू नोको." शेजारच्या काकू म्हणाल्या, पाळी गेली की असंच होते. दवाखान्यात संग्रहणीच्या गोळ्या मिळाल्या, मग धाप लागते म्हणून दम्याचा पंप.

दिवाळीनंतर उजव्या कुशीत दुखायला लागलं तेव्हा सोनोग्राफी केली. लिव्हरमध्ये सात-आठ डाग. बारीक सुई टाकून तपासणी झाली आणि एका मोठ्या दवाखान्यात आईच्या तोंडावरच सांगितलं, कॅन्सर पसरला आहे, तीन महिने धरा. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. वर्धा मागे पडल्यावर म्हणाली, "यंदाचा हरभरा काढून होईन ना रे मायासमोर?"

नंतर दुसरीकडे जाड सुईची बायोप्सी केली. रिपोर्ट असा: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड २, केआय-६७ चार टक्के. क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह. सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह. प्रायमरी अननोन. पोटाचा-छातीचा सीटी झाला, वरून-खालून दुर्बीण झाली, मूळ काही सापडलं नाही. आता एक डॉक्टर म्हणतात किमो सुरू करा. दुसरे म्हणतात मूळ सापडल्याशिवाय हात लावता येत नाही. मी बारावी शिकलेला माणूस, दोघांपुढेही बोलता येत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं.

आजोळ

भाऊ, आईला आधी जपा. इरफान खान यांना हाच आजार होता ना? त्यांनी २०१८ च्या मार्चमध्ये जाहीर केलं होतं आणि २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. लंडनला उपचार घेऊनही. म्हणून भीती वाटते वाचताना.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत काम करते, रोज याच काचा बघते. आजोळ, तुमची काळजी कळते, पण नाव एक म्हणून आजार एक नसतो. न्यूरोएंडोक्राइन म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींची गाठ, आणि या नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातींच्या गाठी येतात. एक न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: पेशी नीटनेटक्या, सावकाश वाढणाऱ्या. दुसरी न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा: पेशी बिघडलेल्या, झपाट्यानं पसरणाऱ्या. १९०७ साली म्युनिकच्या ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या अशा गाठींना 'कार्सिनॉइड' म्हणजे कॅन्सरसारखं दिसणारं असं नाव दिलं. नाव तेव्हापासून चिकटलं, पण या गाठी पसरतात हे त्यांना स्वतःलाही पुढे मान्य करावं लागलं. म्हणून हलक्यातही घेऊ नका.

धुऱ्यावरचा, तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा चार टक्के हा आहे. केआय-६७ म्हणजे शंभर पेशींपैकी किती पेशी दुभंगायच्या तयारीत आहेत त्याची मोजणी. जिथे जास्त रंग दिसतो ती जागा निवडून आम्ही किमान पाचशे पेशी मोजतो. ३ टक्क्यांच्या आत ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. आईचा ग्रेड २ आहे, तोही खालच्या टोकाचा. अशा गाठी अंगात घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. "तीन महिने" सांगणाऱ्यांच्या हातात त्या वेळी फक्त बारीक सुईचा रिपोर्ट होता. त्यात चार पेशी विखुरलेल्या दिसतात. तेवढ्यावर ग्रेड नीट ठरत नाही, कधी कधी साधा ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथींचा नेहमीचा कॅन्सर) म्हणूनही लिहिलं जातं. जाड सुईचा तुकडा लागतोच.

आता मुळाबद्दल. सीडीएक्स-२ हा आतड्याकडचा खुणेचा रंग. टीटीएफ-१ फुफ्फुसाकडचा. स्वादुपिंडासाठी आयलेट-१ बघतात, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागासाठी सॅटबी-२. यातला कुठलाही एकटा रंग शपथेवर सांगत नाही, पण आईचं पारडं लहान आतड्याकडे झुकतंय. लाली येणं, जुलाब, धाप हेही त्याच दिशेला बोट दाखवतं.

आणि एक काम आजच करा. बायोप्सी झाली त्या लॅबमधून तुकडा बसवलेला पॅराफिन ब्लॉक आणि काचा मागून घ्या, त्या रुग्णाच्या आहेत. पुढे जिथे जाल तिथे दुसऱ्यांदा वाचायला देता येतील. ब्लॉक मेणाचा असतो. एकदा एक भाऊ अचलपूरहून मे महिन्यात मोटरसायकलच्या डिक्कीत घेऊन आला, मेण मऊ होऊन वर्तमानपत्राचा कागद त्यात रुतला होता. डबीत घाला, पिशवी अंगाजवळ ठेवा.

पैनगंगा

काचपट्टीताई म्हणतात ते खरं आहे, मी दुसऱ्या बाजूनं पाहिलं आहे. माझ्या सख्ख्या भावाच्याही लिव्हरमध्ये गाठी, मूळ सापडलं नाही. केआय-६७ मात्र ८० टक्के. आम्ही उमरखेडकडचे. मूळ शोधायला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पाच आठवडे फिरलो. कोणी म्हणे अजून एक दुर्बीण, कोणी म्हणे अजून एक स्कॅन. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि त्याच आठवड्यात कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइडची किमो सुरू केली. गाठी दिसण्याइतक्या वितळल्या होत्या. सात महिने भाऊ चालता-फिरता होता, पोरीच्या शाळेत गॅदरिंगला गेला. मग परत वाढल्या.

त्या पाच आठवड्यांचं दुःख माझ्या मनातून जात नाही. म्हणून जो कोणी हा धागा वाचेल त्याला हात जोडून सांगते, आकडा मोठा असेल तर मूळ शोधत बसू नका.

धुऱ्यावरचा भाऊ, तुमचं तसं नाही. तुमच्याकडे वेळ आहे. पण तो तपासण्या नीट करायला वापरा.

धुऱ्यावरचा

ताई, वाचून गलबलून आलं. मनापासून आभार.

रक्तातल्या क्रोमोग्रॅनिनची तपासणीही केली होती, ती बरीच वाढलेली आली. त्यावरून किमोवाले डॉक्टर म्हणाले आजार जोरात आहे. आई दोन वर्षांपासून रोज सकाळी ॲसिडिटीची पँटोप्राझोल घेते, हे सांगायचं राहिलं होतं.

अणुवैद्य

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करतो, मूळचा दारव्ह्याकडचा. आईचे कागद न बघता लिहितोय, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा, परस्पर काही बदलू नका.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्यांनी रक्तातलं क्रोमोग्रॅनिन (या पेशी सोडतात ते प्रथिन) खोटं वाढतं. किडनी बिघडली तरी वाढतं. डॉक्टरांना विचारून गोळी दोनेक आठवडे बंद ठेवून मगच ती तपासणी पुन्हा करतात. त्या एका आकड्यावर आजार जोरात आहे असं ठरवू नये. त्यापेक्षा तुमच्या आईच्या लक्षणांसाठी २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए (या गाठी सोडतात ते सेरोटोनिन नावाचं रसायन मोडून उरतं ते) जास्त कामाचं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी कॅनमध्ये. कॅनमध्ये लॅबवाले ॲसिड घालून देतात, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तीन दिवस आधीपासून केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड आणि वांगी बंद. आपल्याकडे हिवाळ्यात भरीत रोज होतं म्हणून वांग्याचं मुद्दाम सांगतो. पॅरासिटामॉल आणि काही खोकल्याची औषधंही आकडा बिघडवतात.

मूळ का सापडत नाही? वरून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालून घातलेली त्याच्या शेवटच्या टोकाला जेमतेम टेकते. मधलं काही मीटर आतडं कोणी पाहिलेलंच नसतं. तिथली गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी, तीही अस्तराच्या खाली, कधी एक नसून चार-पाच. सीटीत ती आतड्याच्या वळकट्यांत हरवते. आणि गाठ आतड्यातच असते तोवर तिनं सोडलेलं सेरोटोनिन लिव्हरमध्ये गेल्यावर तिथं नष्ट होतं, म्हणून लक्षणं नसतात. गाठी लिव्हरमध्येच बसल्या की ते थेट रक्तात मिसळतं, मग लाली, जुलाब, धाप. म्हणजे आजार आपल्याला दिसतो तेव्हा तो दुसऱ्या घरात राहायला गेलेला असतो.

तुमच्या आईचा गॅलियम-६८ डोटा पेट स्कॅन झालेला दिसत नाही. साधा पेट स्कॅन साखरेवर चालतो, सावकाश वाढणाऱ्या गाठी साखर फारशी ओढत नाहीत, म्हणून तो स्वच्छ येऊ शकतो. डोटा स्कॅनमध्ये या पेशींच्या अंगावर असलेल्या सोमॅटोस्टॅटिन ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे सोमॅटोस्टॅटिन हा हार्मोन जिथे चिकटतो त्या जागा) चिकटणारं किरणोत्सारी औषध देतात. त्यातून मूळ सापडायची शक्यता वाढते. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट अशी की पेशींवर ग्राहक आहेत की नाहीत हे कळतं. असतील तर उपचारांची वाट उघडते, मूळ सापडो न सापडो. त्यातलं किरणोत्सारी गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. ते केंद्रातच जनरेटरमधून काढतात आणि एका दिवशी पाच-सहा रुग्ण बोलावतात. रोज सगळीकडे होत नाही, आधी तारीख घेऊन जा.

आणि हृदयाची टूडी इको करा. वर्षानुवर्षं सेरोटोनिन वाढलेलं राहिलं तर उजव्या बाजूच्या झडपा आखडतात. धाप दम्याची आहे की त्याची, हे तरी कळेल.

धुऱ्यावरचा

साहेब, मग "मूळ सापडल्याशिवाय हात लावता येत नाही" हे खरं की नाही?

अणुवैद्य

नाही. ऑक्ट्रिओटाइड (याच ग्राहकांना चिकटणारं औषध) च्या महिन्याच्या इंजेक्शनचा जर्मनीतला महत्त्वाचा अभ्यास २००९ साली आला. त्यात लहान आतड्याच्या गाठींचे रुग्ण होते आणि मूळ सापडलं नाही पण आतड्यातलंच असावं असे रुग्णही होते. इंजेक्शन घेणाऱ्यांत गाठ वाढायला साधारणपणे (मध्यक) १४.३ महिने लागले, न घेणाऱ्यांत ६. त्याच जातीच्या लॅनरिओटाइड इंजेक्शनचा २०१४ चा अभ्यास, एव्हरोलिमस गोळीचा २०१६ चा अभ्यास, दोन्हींत मूळ अज्ञात असलेले लोक घेतले होते. उपचार पेशींची जात, ग्रेड आणि ग्राहक यांवर ठरतात. मूळ कळलं तर सर्जनला उपयोग होतो: आतड्यातली गाठ पुढे आतडं अडवू शकते, म्हणून काही जणांत ती काढतात. अनुभवी सर्जन पोट उघडल्यावर आतडं बोटांमध्ये धरून इंच-इंच चाचपतो आणि स्कॅनला न दिसलेली गाठ हाताला लागते. पण तो पुढचा, शांतपणे घ्यायचा निर्णय. ग्रेड २ च्या खालच्या टोकाला, चार टक्क्यांना, प्लॅटिनची (कार्बोप्लॅटिनसारखी) किमो ही पहिली पायरी सहसा नसते. किमो कोणत्या कारणासाठी सुचवली हे नम्रपणे विचारा.

संत्रीबाग

राजेहो, मी वरुडचा, स्वतः पेशंट हाय म्हून लिवतो. लिव्हरमंदी अकरा गाठी होत्या, मूळ आजपर्यंत सापडलं नाई. चौथं वर्ष सुरू हाय. बागेत मृग बहाराची तोड मी सोता उभा राहून केली.

आधी मले महिन्याचं इंजेक्शन होतं. दीड वर्षानं गाठी थोड्या वाढल्या, मंग मुंबईले परळला ल्युटेशियमचे (गाठीवर जाऊन बसनारं किरणोत्सारी औषध) चार डोस घेतले, दर दोन महिन्यानं एक. डॉक्टरसाहेबानं सांगतलं का हे ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. मले लय नवल वाटलं. डोसाच्या आंधी किडनी वाचवाले एक अमिनो ॲसिडची सलाईन लावतात, चार-पाच तास. उलटी त्या सलाईननं होते, ल्युटेशियमनं नाई, हे कोनी आंधी सांगत नाई म्हून सांगतो. उलटीचं औषध पहिलेच मागून घ्या. डोस झाल्यावर लघवी बसूनच करा, दोनदा पानी सोडा. घरी आल्यावर लेकराईपासून काही दिवस दूर राहा लागते. माया नातू तीन वर्षाचा होता. दाराच्या उंबरठ्यावर बसे अन् तिथूनच मले चेंडू लोटे. मी पायानं परत लोटो.

रायनं म्हनाल तं दादरले गाडगेबाबाची धर्मशाळा हाय. आपल्या शेंडगावचा मानूस, त्याच्या नावावर कॅन्सरच्या गरिबाईले निवारा भेटते. रेल्वेत कॅन्सर पेशंटले स्लीपर अन् थ्री एसीत तिकीट माफ हाय, संगच्या एका मानसाले ७५ टक्के सूट. दवाखान्यातून रेल्वेच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट भरून घ्या लागते.

अणुवैद्य

संत्रीबाग, फार मोलाचं लिहिलंत. धुऱ्यावरचा, ल्युटेशियम-१७७ ची वेळ साधारणपणे इंजेक्शनवर गाठी वाढल्या तर येते. २०१७ ला छापलेल्या अभ्यासात लहान आतड्याच्या गाठींमध्ये २० महिन्यांनी ल्युटेशियम घेतलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांत गाठ वाढलेली नव्हती. दुसऱ्या गटाला नुसतं ऑक्ट्रिओटाइड दुप्पट मात्रेत दिलं होतं, तिथे हे प्रमाण सुमारे ११ टक्के होतं. पण डोटा स्कॅनमध्ये गाठी उजळल्या तरच तो उपचार. म्हणून स्कॅन आधी.

भूलवाली

थोडक्यात पण अत्यंत महत्त्वाचं. आईचं कुठलंही ऑपरेशन, दात काढणं, पुन्हा बायोप्सी असो, भूल देणाऱ्यांना पहिल्या वाक्यात सांगा: कार्सिनॉइडची लक्षणं (लाली, जुलाब, धाप) आहेत. अशा रुग्णांत अचानक रक्तदाब कोसळून तोंड लाल पडून जीव धोक्यात येऊ शकतो. आधी माहीत असेल तर ऑक्ट्रिओटाइडची तयारी ठेवता येते. आईच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातच एक चिठ्ठी लिहून ठेवा.

आजोळ

आमच्या गावात एक वैद्य गाठी विरघळवणारा काढा देतात, दोन जणांना गुण आला म्हणतात. इंजेक्शनबरोबर चालेल का?

काचपट्टी

आजोळ, लिव्हर आधीच गाठींनी भरलेलं असताना काय घटक आहेत हे माहीत नसलेला काढा देऊ नका. मी अशा रुग्णांचे कावीळ झालेले रिपोर्ट पाहिले आहेत. मनापासून विनंती.

खाण्यावरून आठवलं. या गाठी अन्नातलं ट्रिप्टोफॅन (प्रथिनातला एक घटक) सेरोटोनिन बनवण्यात संपवतात, मग शरीराला नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) कमी पडतं. उन्हात उघडी राहणारी मान, हाताचा मागचा भाग काळपट होऊन भेगाळतो. दख्खनमध्ये ज्वारीवरच भागवणाऱ्या गरिबांत हाच आजार, पेलाग्रा, एकेकाळी दिसायचा. भाऊ, आईच्या हातांकडे एकदा बघा.

धुऱ्यावरचा

ताई, तुमचं वाचून आईचे हात हातात घेतले. मनगटापर्यंत काळे, बांगड्यांच्या खाली एकदम उजळ, जणू काळे हातमोजे घातलेत. आम्ही समजत होतो निंदणामुळे.

---

धुऱ्यावरचा (अडीच महिन्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय. गॅलियम स्कॅन झाला. लिव्हरमधले सगळे डाग उजळले, आतड्याच्या पडद्यात एक बारीक गाठ दिसली. आतड्यात मात्र काहीच नाही. डॉक्टर म्हणाले मूळ लहान आतड्यातच असावं, पण कागदावर अननोनच राहील. इकोत झडपा ठीक निघाल्या. लघवीचा आकडा खूप वाढलेला होता. नायसिनसाठी गोळ्या दिल्या. ऑक्ट्रिओटाइड ३० मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी सुरू झालं. किमोवाल्या डॉक्टरांना मी सगळे कागद दाखवले. त्यांनी नीट वाचून सांगितलं, आत्ता किमो नको. जन आरोग्य योजनेचं काय-काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं बसवून दिलं, स्कॅनचे पैसे मामानं दिले.

इंजेक्शन नागपूरहून आणतो. फ्रिजमधलंच हवं, २ ते ८ डिग्री, म्हणून मोठ्या थर्मासमध्ये बर्फ, त्यावर सुती कापड, त्यावर डबा. औषधाला बर्फ थेट लागू देत नाही, गोठलं तर वाया जातं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तासभर आधी बाहेर काढून ठेवायला सांगतात. मग कुपी हलवून पूर्ण मिसळतात आणि लगेच कमरेखाली खोल देतात. पहिल्या वेळी मिसळून जरा थांबल्या तर सुई अडकली होती, महिन्याचं औषध जाता जाता वाचलं. हे लिहून ठेवा कोणाला लागलं तर.

दुसऱ्या इंजेक्शननंतर शौच दिवसातून दोनदावर आलं. लाली आठवड्यातून एखादवेळी. तेलकट चिकट शौच सुरू झालंय, त्याबद्दल विचारायचं होतं.

अणुवैद्य

ते इंजेक्शनमुळे होतं, स्वादुपिंडाचा रस कमी पडतो. पाचक रसाच्या कॅप्सूल जेवणासोबत देतात, डॉक्टरांना सांगा. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, सोनोग्राफीत तेही बघून घेत चला. रक्तातली साखरही तपासा.

पैनगंगा

आई कशी आहे, भाऊ?

धुऱ्यावरचा

ताई, हरभरा निघाला. साडेसात पोते झाले. ती पूर्ण वेळ खळ्यावर होती, सुपानं पाखडत. आता तिसऱ्या इंजेक्शनची तारीख आहे आणि मार्चचं ऊन लागलंय, तर थर्मासऐवजी लसीकरणवाल्यांचा डबा मिळतो का ते सिस्टरला विचारायला निघालोय.